मनातला पूर्वग्रह आणि हातून घडलेला पक्षपात
शब्दांविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत एकाच कुळातले इंग्रजी शब्द पुन्हा पुन्हा आले: 'प्रीपझेस्ड', 'बायस्ड', 'प्रेज्युडिस्ड', 'प्रीऑक्युपाइड'. कोणी परीक्षेसाठी विचारले, कोणी तहसीलच्या अर्जासाठी, कोणी सर्वेक्षणाच्या फॉर्मसाठी. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहोत.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात 'प्रीपझेस्ड'चा समानार्थी शब्द एका पानावर 'बायस्ड' दिला आहे, तर दुसऱ्या पानावर 'प्रीऑक्युपाइड'. त्याच शब्दापासून झालेल्या 'प्रीपझेसिंग'चा अर्थ मात्र 'आकर्षक' असा आहे. यातले बरोबर कोणते आणि मराठीत काय लिहायचे?
विद्यार्थिनी, तह. दारव्हा, जि. यवतमाळ

तिन्ही बरोबर आहेत. 'पझेस' म्हणजे ताबा असणे आणि 'प्री' म्हणजे आधी. शेत विकत घ्यायला जावे आणि सातबाऱ्यावर आधीच दुसऱ्याचा भोगवटा निघावा, तशी ही मनाची अवस्था आहे. ताबा कशाने घेतला यावर अर्थ ठरतो. एखाद्या मताने घेतला तर 'बायस्ड' जवळचा. काळजीने किंवा विचाराने घेतला तर 'प्रीऑक्युपाइड' जवळचा. समोरच्या माणसाच्या रूपाने, वागण्याने पहिल्याच भेटीत घेतला, तर तो माणूस 'प्रीपझेसिंग', म्हणजे मनात भरणारा, छाप पाडणारा. 'अनप्रीपझेसिंग' म्हणजे नजरेत न भरणारा. परीक्षेत 'अनप्रीपझेसिंग'चा अर्थ 'निःपक्षपाती' असा पर्याय हमखास ठेवलेला असतो. तो चुकीचा आहे.

आता छटा. 'प्रेज्युडिस्ड' बहुतेक वेळा विरोधातच जातो. पुढे 'अगेन्स्ट' नसला तरी वाचणारा विरोधच धरून चालतो. 'बायस्ड' दोन्ही बाजूंना चालतो, म्हणून त्याच्यापुढे 'अगेन्स्ट' की 'इन फेव्हर ऑफ' हे सांगावे लागते. 'प्रीपझेस्ड' अनुकूल मतासाठीही सहज वापरतात. 'पार्शल टू' म्हणजे एखाद्या गोष्टीची विशेष आवड असणे. 'पार्शल' एकटा आला तर पक्षपाती. 'जॉन्डिस्ड' म्हणजे कटू अनुभवाने नजर बिघडलेला, आणि हा शब्द आपल्याला शिकवावा लागत नाही, कारण कावीळ झालेल्याला सारे पिवळे दिसते हे मराठीतही तसेच म्हणतात. 'ओपिनियनेटेड' याच रांगेत बसवतात, पण तो मताग्रही माणूस. त्याने मत आधी बनवलेले असेलच असे नाही, तो ते सोडत नाही एवढेच. 'बिगटेड' सर्वांत कडक आहे. दुसऱ्या धर्माचा, जातीचा, समूहाचा द्वेष त्यात येतो, तो साध्या नावडीसाठी वापरू नये.

'प्रीऑक्युपाइड' आणि 'ऑब्सेस्ड' यांच्यापुढे 'विथ' येते. आणखी एक चूक सर्रास होते: 'ही इज बायस'. 'बायस' हे नाम आहे, माणसाचे विशेषण करायचे तर 'बायस्ड'. 'प्रेज्युडिस'चेही तसेच.

मराठीकडे येऊ. 'पूर्वग्रह'मधला 'ग्रह' म्हणजे आकाशातला ग्रह नव्हे. ग्रहण करणे, पकडणे याच धातूचा तो शब्द आहे. 'माझा त्याच्याविषयी चांगला ग्रह झाला' असे आपण म्हणतोच. म्हणजे आधीच धरून ठेवलेले मत, आणि बांधणीने हा शब्द 'प्रीपझेशन'च्या अगदी शेजारी बसतो. पण मराठी तेवढ्यावर थांबत नाही. चौकशी न करता बनलेले मत हा पूर्वग्रह. मनात बसलेली सौम्य नावड ही अढी. संशयाची छटा असेल तर किल्मिष. मागे काही घडले, त्याचा राग धरून ठेवला, तर आकस. तो राग बदल्याची वाट पाहत असेल तर डूख. 'त्याचा माझ्यावर दात आहे' हेही त्याच अर्थाचे. या साऱ्यांना 'पूर्वग्रह' म्हटले की माहिती हरवते. धुऱ्याच्या (शेताच्या बांधाच्या) भांडणानंतर शेजारी बोलेनासा झाला, तर त्याच्या मनात पूर्वग्रह नाही, आकस आहे. कारण घडलेले आहे आणि दोघांनाही ठाऊक आहे.

ही सगळी मनातली नावे झाली. प्रत्यक्ष वागण्यात उतरले की शब्द बदलतात: पक्षपात, दुजाभाव, आपपरभाव, डावेउजवे करणे, झुकते माप देणे. एकाच पंगतीत एकाला वाढून दुसऱ्याला वगळले तर पंक्तिप्रपंच, आणि वाटपाच्या तक्रारीत यासारखा नेमका शब्द दुसरा नाही. 'धार्जिणा' जपून वापरावा. 'व्यापारीधार्जिणे धोरण' म्हणजे व्यापाऱ्यांना झुकते माप देणारे धोरण. पण 'हा बैल त्याला धार्जिणा आहे' म्हणजे लाभला, मानवला.

क्रियापदे पाठ करावीत, कारण मराठीच्या पेपरात गुण तिथेच जातात. पूर्वग्रह असतो, बाळगला जातो, करून घेतला जातो, दूर होतो. 'तो माझ्याशी पूर्वग्रह करतो' हे वाक्य मराठी नाही. अढी बसते आणि सुटते. आकस धरतात, ठेवतात. पक्षपात आणि दुजाभाव करतात. कल असतो किंवा झुकतो. ओढा एखाद्याकडे असतो, पूर्वग्रह एखाद्याविषयी असतो, दुजाभाव एखाद्याशी केला जातो.

प्रश्न : पांदण रस्त्याच्या वादात मौका पाहणी एकतर्फी झाली. अर्जात 'अधिकारी पूर्वग्रहदूषित आहेत' असे लिहिले तर चालेल का? वकील लावण्याची ऐपत नाही.
शेतकरी, तह. दर्यापूर, जि. अमरावती

ते वाक्य लिहू नका. ते कडक वाटते, पण अर्जाला कमकुवत करते. पूर्वग्रह मनात असतो आणि दुसऱ्याच्या मनातले सिद्ध करणे जवळपास अशक्य. १९६९ साली क्रैपक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले. जम्मू-काश्मीरमधून भारतीय वनसेवेसाठी निवड करणाऱ्या मंडळात असा एक अधिकारी बसला होता, जो स्वतःच उमेदवार होता. स्वतःचे नाव विचारात आले तेव्हा तो उठून गेला, पण प्रतिस्पर्ध्यांच्या नावांवर चर्चा झाली तेव्हा हजर होता. न्यायालयाने त्याच्या मनात काय होते हे शोधले नाही. माणसाच्या मनाची अवस्था सिद्ध करणे कठीण असते, म्हणून तो पक्षपात करण्याचा संभव होता असे मानायला वाजवी आधार आहे का, एवढेच पाहायचे, असे ठरवून ती निवड रद्द केली.

तुमच्या अर्जाचा सांगाडा यातूनच निघतो. अधिकाऱ्याच्या मनाबद्दल काही म्हणायचे नाही. घडलेले सांगायचे आणि त्यातून निघणारी शक्यता सांगायची. कायद्यात पक्षपाताचे ढोबळ तीन आधार मानतात. आर्थिक, म्हणजे निर्णयातून त्या व्यक्तीचा पैशाचा फायदा होणार आहे. हा फायदा लहान असला तरी पुरतो. वैयक्तिक, म्हणजे नाते, भागीदारी, जुने भांडण. विषयगत, म्हणजे त्याच प्रश्नावर त्याने आधीच एक बाजू घेऊन ठेवली आहे. तुमची तक्रार यातल्या कोणत्या खणात बसते ते आधी ठरवा. तिन्हींपैकी एकही लागू नसेल आणि फक्त नोटीस मिळाली नसेल, तर ती पक्षपाताची तक्रार नाही. ती 'म्हणणे मांडण्याची संधी न दिल्याची' तक्रार आहे. ती वेगळ्या परिच्छेदात आणि आधी लिहा, कारण ती कागदावरून सिद्ध होते.

मजकूर असा चालेल:

'मौजा … येथील पांदण रस्त्याच्या प्रकरणात दिनांक … रोजी मौका पाहणी झाली. अर्जदारास पाहणीची नोटीस मिळाली नाही. गैरअर्जदार पाहणीच्या वेळी हजर होते व त्यांचा जबाब नोंदवण्यात आला. पाहणी करणारे अधिकारी गैरअर्जदाराचे … (नाते) आहेत. त्यामुळे निर्णयात पक्षपात होण्याची वाजवी शक्यता आहे. सबब, फेरपाहणी अर्जदारास पूर्वसूचना देऊन व्हावी आणि सदर प्रकरण दुसऱ्या सक्षम अधिकाऱ्याकडे वर्ग करण्यात यावे, ही विनंती.'

नाते नसेल तर ते वाक्य गाळा, ओढूनताणून घालू नका. 'विकले गेलेले', 'भ्रष्ट', 'वशिल्याचे' हे शब्द पुराव्याशिवाय लिहिले तर मूळ रस्त्याचा वाद बाजूला राहतो आणि बदनामीचा नवा वाद उभा राहतो. 'आकसापोटी' हा शब्द लिहायचाच असेल तर आधीच्या भांडणाची तारीख आणि कागद जोडा. 'एकतर्फी' मात्र बेधडक लिहा. एका बाजूचे ऐकले, दुसरीचे ऐकले नाही, हा त्याचा सरळ अर्थ आहे आणि तो पाहणीच्या कागदावरूनच दिसतो.

अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि तारखेसह पोच घ्या. उशीर करू नका. १९५७ च्या माणकलाल प्रकरणात चौकशी समितीचा अध्यक्ष पूर्वी तक्रारदाराचा वकील राहिला होता, आणि त्याने बसायला नको होते हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. तरीही आक्षेप वेळेवर घेतला नाही म्हणून तो सोडून दिल्यासारखाच आहे, असे ठरवले. कारण कळल्यावर पहिल्याच तारखेला लेखी आक्षेप नोंदवा. निकाल विरुद्ध गेल्यावर नाते आठवले, तर ते कोणी ऐकत नाही.

प्रश्न : तडजोडीच्या नोटिशीवर 'विदाऊट प्रेज्युडिस' असे छापले होते. भाषांतर करणाऱ्याने 'कोणताही पूर्वग्रह न ठेवता' असे केले. बरोबर आहे का?
अर्जनवीस, तह. कारंजा, जि. वाशीम

चूक आहे, आणि पैशाला पडणारी चूक आहे. कायद्याच्या भाषेत 'प्रेज्युडिस' म्हणजे हानी, बाध. 'विदाऊट प्रेज्युडिस' म्हणजे 'हक्कांना बाध न येता'. पत्र पाठवणारा म्हणतो की तडजोड म्हणून अमुक रक्कम द्यायची तयारी आहे, पण यावरून मी देणे कबूल केले असे पुढे दाव्यात धरू नये. दिवाणी दाव्यात अशा अटीवर केलेली कबुली पुरावा म्हणून वापरता येत नाही. हे जुन्या पुरावा कायद्यात होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. भाषांतरात 'पूर्वग्रह न ठेवता' आले की मराठी वाचणाऱ्याला ते सौजन्याचे वाक्य वाटते आणि अट नजरेतून निसटते.

अधिनियमांच्या मराठी पाठात 'पूर्वगामी तरतुदीच्या सर्वसाधारणतेस बाध न येता' अशी रचना भेटते, ती याच शब्दाची. म्हणून कागद कायद्याचा असेल तर 'प्रेज्युडिस' दिसताच आधी 'बाध' लावून पाहा. वाक्य बसले नाही तरच 'पूर्वग्रह'.

प्रश्न : आरोग्य सर्वेक्षणाच्या इंग्रजी फॉर्ममध्ये 'तुम्ही प्रीऑक्युपाइड असता का' अशा अर्थाचा प्रश्न आहे. मराठी प्रतीत 'मग्न असता का' असे छापले आहे. बायांना विचारले की त्या हसतात.
आरोग्यसेविका, तह. धारणी, जि. अमरावती

हसणारच. 'मग्न' सुखाचा शब्द आहे. भजनात मग्न, कामात मग्न. फॉर्मला काळजीबद्दल विचारायचे आहे.

मन गुंतण्याचे मराठी शब्द मूडप्रमाणे वेगळे होतात. आनंद असेल तर दंग, गुंग, तल्लीन, रमलेला. सुखदुःख काही नसेल, नुसते काम असेल तर गढलेला, गुंतलेला, गर्क. ओढ असेल तर ध्यास, नाद, वेड. यातला ध्यास कौतुकाचा आणि नाद बहुधा तक्रारीचा. काळजी असेल तर व्यग्र, चिंताग्रस्त, विचारात बुडालेला. लक्ष दुसरीकडे असेल तर अन्यमनस्क, पण हा पुस्तकातच राहिलेला शब्द आहे, घरोघरी जाऊन विचारायचा नाही.

दोन शब्द या फॉर्ममध्ये चुकूनही घालू नका: 'पछाडलेले' आणि 'झपाटलेले'. शहरी लेखनात ते उत्साहाचे झाले आहेत, 'कामाने झपाटलेला माणूस' वगैरे. गावात त्यांचा पहिला अर्थ अजूनही 'बाहेरचे लागले' असाच आहे. 'तुम्हाला एखाद्या विचाराने पछाडले आहे का' असे विचारले की बाई गप्प होते किंवा घरचे मांत्रिकाची गोष्ट काढतात, आणि मुलाखत तिथेच बिघडते.

प्रश्न बोलीत, लहान आणि कालावधी बांधून ठेवा. मनाच्या आजाराच्या प्रचलित चाचण्यांत 'गेल्या दोन आठवड्यांत' असा काळ असतो. तुमच्या फॉर्मवर जो काळ असेल तोच घ्या, बदलू नका. मग असे विचारता येईल: 'गेल्या दोन आठवड्यांत एकच विचार डोक्यात फिरत राहतो, काढतो म्हटलं तरी जात नाही, असं होतं का?' वऱ्हाडी बोलणाऱ्या घरी: 'डोक्यात तेच तेच घुमून राह्यलं का? कामात मन लागून राह्यलं का?' हे दोन वेगळे प्रश्न आहेत, एकाच दमात विचारले तर 'हो' नेमके कशाला आले ते कळत नाही. पहिल्याचे उत्तर लिहून मगच दुसरा विचारा.

तुमच्या भागात अनेकांची पहिली भाषा कोरकू आहे. मराठी वाक्य आणखी सोपे केल्याने तिथे काम भागणार नाही. कोरकू बोलणाऱ्या सहकाऱ्याकडून वाक्य कोरकूत करून घ्या. मग ज्याने मूळ फॉर्म पाहिलेला नाही अशा दुसऱ्या कोरकू भाषकाला ते परत मराठीत सांगायला लावा. परत आलेल्या वाक्यात 'काळजी' ऐवजी 'भीती' किंवा 'राग' आला, तर शब्द बदला. सगळ्या सेविकांनी एकच ठरलेले वाक्य वापरावे, नाहीतर दोन गावांचे आकडे एकमेकांशी ताडताच येणार नाहीत.

प्रश्न : मुले 'पूर्वाग्रह' लिहितात, 'मी व्यस्त आहे' म्हणतात. लाल शाई चालवावी का?
शिक्षक, तह. मूल, जि. चंद्रपूर

'पूर्वाग्रह' हे हिंदीतले रूप आहे, पूर्व आणि आग्रह मिळून झालेले. मराठीत पूर्व आणि ग्रह, म्हणून 'पूर्वग्रह'. मराठीच्या वहीत दुरुस्त करावे. पू दीर्घ, 'दूषित'चा दू दीर्घ, पण 'दुराग्रह'चा दु ऱ्हस्व. इथे मुले सर्वांत जास्त अडखळतात.

'व्यस्त'ला मराठीत स्वतःचे काम आहे. गणितात 'व्यस्त प्रमाण' शिकवताना व्यस्त म्हणजे उलट हे मुलांना कळायला हवे, म्हणून 'कामात आहे', 'व्यग्र आहे' ही सवय लावलेली बरी. मात्र मुलांना कमीपणा वाटेल असे बोलू नये. नागपूर १९५६ पर्यंत हिंदी आणि मराठी अशा दोन्ही भाषांच्या राज्याची राजधानी होते, बाजारात आजही दोन्ही भाषा चालतात. शब्द इकडून तिकडे जाणारच. बोलण्यात चालू द्या, लिहिताना फरक दाखवा.

प्रश्न : शिवणकामाच्या पुस्तकात 'बायस पट्टी' आहे. हा तोच 'बायस' का? आणि माझी गळ्याची पट्टी नेहमी चुण्या धरते, ते का?
वाचक, तह. आर्वी, जि. वर्धा

तोच. इंग्रजीत तो फ्रेंचमधून आला आणि मूळ अर्थ तिरकस असाच. गवतावर गोळे घरंगळवण्याच्या एका इंग्रजी खेळात गोळा एका अंगाला वळेल असा मुद्दाम बनवतात, त्या वळण्यालाही 'बायस' म्हणत. मनाचा अर्थ नंतर जडला. मराठीत 'कल' शब्दानेही हाच प्रवास केला: भिंत कलते आणि मतही कलते. टेलरच्या दुकानात मात्र या कापाला 'उरेब' म्हणतात, आणि 'उरेब पट्टी' म्हटले की कोणीही समजतो.

चुण्या पडतात कारण पट्टी सरळ धाग्यात कापलेली असते. सरळ धागा ताणत नाही, गळा गोल असतो, जास्तीचे कापड कुठेतरी गोळा होते. कापडाची किनार आडव्या धाग्यावर येईल अशी तिरपी घडी घाला; घडीची रेघ बरोबर ४५ अंशांवर येते. त्या रेघेला समांतर सव्वा इंच रुंदीच्या पट्ट्या आखून कापा. कोन चुकला तर पट्टी शिवल्यावर पिळते. दोन पट्ट्या जोडताना टोके काटकोनात एकमेकांवर ठेवून तिरपा जोड घ्या, सरळ जोड गळ्यावर गाठीसारखा उठतो. शिवताना पट्टी ओढू नका. ओढली तर गळा आत खेचला जातो, आणि ती चूक धुतल्यावर आणखी दिसते.

प्रश्न : धानाच्या उत्पादनाचा अंदाज काढताना 'सॅम्पल बायस्ड आहे' असे प्रशिक्षणात सांगितले. म्हणजे आम्ही पक्षपात केला असा आरोप आहे का?
सर्वेक्षण करणारा तरुण, तह. साकोली, जि. भंडारा

नाही. सांख्यिकीत 'बायस'साठी 'अभिनती' हा पारिभाषिक शब्द आहे. त्यात हेतूचा प्रश्नच येत नाही. मोजमाप दर वेळी एकाच दिशेला चुकते, एवढाच अर्थ. 'पक्षपाती नमुना' असे भाषांतर करू नये, माणसे उगाच दुखावतात. 'एकीकडे झुकलेला नमुना' म्हटले तरी पुरे.

आकड्यात पाहा. समजा पीक कापून तोलण्यासाठी आखलेला तुकडा १० मीटर बाय ५ मीटर, म्हणजे ५० चौरस मीटर आहे. हेक्टर १०,००० चौरस मीटरचा, म्हणून निघालेल्या धानाला २०० ने गुणायचे. १२ किलो धान निघाले तर हेक्टरी २,४०० किलो, म्हणजे २४ क्विंटल. आता काटा दर वेळी २०० ग्रॅम कमी दाखवत असेल तर हेक्टरी ४० किलोची तूट आली. असे १०० प्रयोग केले तरी ती ४० किलोच राहील. ही अभिनती. उलट, वाचणाऱ्याने कधी १०० ग्रॅम जास्त, कधी कमी वाचले, तर प्रयोग वाढतील तशी ती चूक एकमेकांत जिरत जाते. नमुना मोठा केला की सगळे ठीक होते हा समज म्हणून धोक्याचा आहे. झुकलेला नमुना मोठा केला की चूक तेवढीच राहते आणि विश्वास वाढतो.

धानात ही चूक कुठून शिरते? रस्त्यालगतची बांधी (धानाचे खाचर) निवडल्याने, कारण तिथे पोहोचणे सोपे. उभे पीक पाहून 'इथे बरे दिसते' म्हणून खुंटी ठोकल्याने. हे यादृच्छिक, म्हणजे कोणाच्या निवडीशिवाय निघालेल्या, आकड्यांनीच ठरले पाहिजे, आणि निघालेली जागा गैरसोयीची असली तरी बदलायची नाही. हद्दीवरचे चूड (धानाचे ठोंब) कधी धरायचे, कधी सोडायचे, हे मनावर ठेवल्याने. ओले धान तोलल्याने, कारण पाण्याचे वजन उत्पादनात धरले जाते. शितावरून भाताची परीक्षा होते ती भात सगळीकडे सारखा शिजला असेल तरच; म्हणून कोणते शीत उचलायचे हे परीक्षा घेणाऱ्याच्या मर्जीवर सोडत नाहीत.

याच घरातला आणखी एक प्रकार तुमच्या पुस्तकात असेल: 'कन्फर्मेशन बायस', म्हणजे आपल्या मताला पुष्टी देणारेच तेवढे शोधण्याची सवय. पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने १९६० मध्ये तिची साधी चाचणी मांडली. २, ४, ६ हे आकडे एका नियमात बसतात, तो नियम ओळखा. तुम्ही आकडे सुचवा, ते नियमात बसतात का ते मी सांगतो. बहुतेक जण ८, १०, १२ असेच सुचवत राहिले आणि दोन-दोनने वाढणे हाच नियम मानून बसले. खरा नियम 'चढते कोणतेही तीन आकडे' एवढाच होता. १, ७, ५० सुचवून आपलेच मत मोडायचा प्रयत्न केला असता तर लगेच कळले असते. बियाण्याच्या वाणाबद्दल शेतकऱ्याला विचारताना हेच लक्षात ठेवा. 'हे वाण चांगले आले ना?' असे विचारू नका. 'कोणत्या वर्षी कमी आले आणि त्या वर्षी पाऊस कसा होता?' असे विचारा. या सवयीला मराठीत 'मतपुष्टीचा कल' म्हणावे असे आम्हाला वाटते. 'पुष्टीकरण पूर्वग्रह' हे भाषांतर जड आहे, शिवाय इथे मत आधीपासून असणे ही अडचण नाही, ते तपासण्याची रीत सदोष आहे.

प्रश्न : 'आपला तो बाब्या, दुसऱ्याचा तो कार्टा' ही म्हण पूर्वग्रहाची की पक्षपाताची?
वाचक, तह. मलकापूर, जि. बुलढाणा

पक्षपाताची. एकच वागणे, मोजमाप दोन. पूर्वग्रहासाठी 'सगळे एकाच माळेचे मणी' जवळची: एकाला पाहून साऱ्या समूहाचे मत बनवणे. 'दुधाने तोंड पोळले की ताकही फुंकून प्यावे' ही या यादीत घालतात, ती काढावी. पोळल्यावर आलेली सावधगिरी पूर्वग्रह नव्हे.

प्रश्न : ग्रामसभेच्या इतिवृत्तात 'डिसइंटरेस्टेड व्यक्ती पंच म्हणून नेमावी' असे भाषांतर करायचे आहे. 'रस नसलेली व्यक्ती' की 'तटस्थ व्यक्ती'?
ग्रामपंचायत सदस्य, तह. चिमूर, जि. चंद्रपूर

'रस नसलेली' तर नकोच. त्याला इंग्रजीत 'अनइंटरेस्टेड' म्हणतात, आणि असा पंच सभेत झोपेल. 'तटस्थ'ही अपुरे आहे. तटस्थ काठावर उभा राहतो आणि कोणाचीच बाजू घेत नाही. पंचाला शेवटी एकाच्या बाजूने निर्णय द्यावाच लागतो. त्याच्याकडून अपेक्षा दोन आहेत: वादात त्याचा लाभ-तोटा नसावा आणि ऐकून घेईपर्यंत त्याने मत बनवू नये. 'या वादात ज्यांचा कोणताही हितसंबंध नाही अशा निःपक्षपाती व्यक्तीस पंच नेमावे' असे लिहा. 'हितसंबंध नाही' हा भाग गाळू नका. आक्षेप आलाच तर नाते, भागीदारी, लगतचे शेत या गोष्टी तपासून दाखवता येतात. 'निःपक्षपाती' तेवढे तपासता येत नाही. नेमण्याआधी पंचाकडून तसे लेखी घेऊन इतिवृत्ताला जोडा.